दुसऱ्याचा कागद

हे प्रकरण मी आजवर तीनदा सुरू केलं आणि तिन्ही वेळा पानं फाडून चुलीत टाकली. आधीची प्रकरणं भराभर लिहून झाली. लहानपण, शाळा, वडिलांचं जाणं, गोंदियाच्या सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागणं. त्या सगळ्यांत मी बहुतेक ठिकाणी बरा माणूस दिसतो, त्यामुळे हात कुठे अडला नाही. पंचविशीपर्यंत माणूस मोठा होऊन जातो असं धरून मी तिथंच थांबणार होतो. पण तोवर माझं फक्त वय वाढलं होतं. मी कसा आहे ते मला कळलं ते केस पांढरे व्हायला लागल्यावर, सौंदडहून गोंदियाला रोज पॅसेंजरनं अप-डाऊन करायच्या वर्षांत. म्हणून मोठं होण्याची ही हकीकत तिथवर ओढावी लागते आहे. इतकी वर्षं मी ती कोणाला सांगितली नाही. मुलाला नाही, मित्रांना नाही. बायकोला सांगावी लागली नाही, कारण तिला ती न सांगताच कळली होती.

तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो, मी आणि सुलोचना. मुलगा नागपुरात शिकायला होता. घर स्टेशनापासून पाच मिनिटांवर, मागे धानाच्या बांध्या आणि पुढे राइस मिलची लांब भिंत. मिल सुरू झाली की आमच्या मांडणीवरची भांडी हलकेच किणकिणायची, आणि बंद पडली की कानात एकदम पोकळी झाल्यासारखं वाटायचं. गॅस आला होता, तरी सुलोचना भात चुलीवरच शिजवायची. पहाटे तिचं आमच्या पोवारी बोलीत पुटपुटणं, ओल्या लाकडाला लावलेली फुंकणी आणि तांदूळ धुतल्याचा आवाज, या तीन आवाजांनी मी उठायचो. डब्यात भात, लाखोळीची डाळ आणि भाजी. परतीच्या गाडीसाठी वेगळी डबी असायची, त्यात कधी भाजलेले मुरमुरे, तर पावसाळ्यात कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या. ती डबी ती नेहमी दोन माणसांची भरायची, कारण मी गाडीत कोणाला ना कोणाला बोलावून खाऊ घालायचो हे तिला ठाऊक होतं. "दुनियेचे सोयरे तुमी," ती म्हणायची, "घरी आले की तेवढे थकता." आता ती नाही. सून स्वयंपाक चांगला करते, पण दोन माणसांची डबी भरावी लागेल असा मी आता कुठे जात नाही.

अप-डाऊन करणाऱ्या माणसाकडे गाव कामं सोपवतं, ही आमच्याकडची जुनी रीत. सकाळी स्टेशनवर पोचेपर्यंत माझ्या कापडी थैलीत चार वस्तू पडलेल्या असायच्या. कोणाच्या चष्म्याची काडी बसवून आणायची, कोणाच्या शिलाई मशीनचा पट्टा, कोणाची दाखल्याची झेरॉक्स. दवाखान्यात भरती असलेल्या कोणा म्हातारीला घरचं लोणचं पोचवायचं. मी कोणाला नाही म्हणत नसे. ओळख असो नसो, माणसानं हाक मारली की माझा हात थैलीचं तोंड उघडायचा. आमच्या डब्यातले कापगते मास्तर गाडीत चढल्या चढल्या विचारायचे, "का गा पटलेबाबू, आज पोस्ट हापिसात टपाल किती?" सगळे हसायचे. मलाही ते आवडायचं. संध्याकाळी गाडी सौंदडला शिरताना पाच-सहा माणसं फलाटावर माझी वाट पाहत उभी दिसायची, आणि साहेबाच्या मोटारीला सुद्धा कोणी असं थांबत नाही, असा विचार माझ्या मनात येऊन जायचा. त्या विचाराची मला आज लाज वाटते, पण तो यायचा हे लिहून ठेवतो.

त्यातच दवाखान्याचे कागद वाचून दाखवायचं सुरू झालं. तपासणीचे रिपोर्ट इंग्रजीत असायचे. पहिल्यांदा एका म्हाताऱ्यानं बायकोचा कागद माझ्यापुढे धरून विचारलं, "बाबू, ही वाचते का मरते, तेवढं सांगा." मी शब्दकोश घेऊन बसलो, दुसऱ्या दिवशी कचेरीसमोरच्या औषधाच्या दुकानात विचारलं आणि म्हाताऱ्याला नीट समजावलं. त्यानं माझे पाय धरले. मग लोक रिपोर्ट आणायलाही मलाच सांगू लागले. सौंदडला उतरलो की सगळे एकदम घेरायचे. फलाटावर पाकीट फोडून, चष्मा लावून, समजावून सांगायला वेळ पुरायचा नाही, म्हणून मी गोंदियाहून निघतानाच पाकिटाची पिन काढून कागद वाचून ठेवू लागलो. हे चूक आहे असं मला कोणी म्हटलं नाही. मलाही वाटलं नाही. मोबाईल तेव्हा नुकते हातात आले होते; कोणाला काही कळायचं तर ते माणसाच्या तोंडूनच कळायचं, आणि ते तोंड बहुतेक वेळा माझं असायचं.

शेवंताबाई मेश्राम आमच्या गावच्या बौद्ध मोहल्ल्यात राहायच्या. नवरा लवकर गेलेला. रोवणीला, कापणीला आमच्याही बांधीवर यायच्या, आणि एरवी मिलमध्ये तांदूळ निवडायला. त्यांना एकच मुलगी, माया. बारावी झालेली, सायकलवरून शेजारच्या गावी बालवाडीत शिकवायला जायची. तिची सोयरीक ठरली होती. तेव्हा आमच्या भागात सिकलसेलची तपासणी गावोगाव सुरू झाली होती. आमच्याकडे हा आजार पुष्कळ, सगळ्याच समाजांत. रक्तातलाच दोष, आईबापाकडून येतो; ज्याला पुरता असतो त्याचे सांधे इतके ठणकतात की लेकरं रात्रंदिवस विव्हळतात. आणि काही जण नुसते वाहक असतात. त्यांना स्वतःला काहीच त्रास नसतो, पण नवरा-बायको दोघेही वाहक निघाले तर मुलाला पुरता आजार व्हायची भीती. म्हणून गावात येणाऱ्या नर्सबाईंनी सांगितलं होतं की लग्नाआधी दोघांचंही रक्त तपासून घ्या. शेवंताबाईंनी ऐकलं. मुलाकडच्यांनीही ऐकलं. एका सकाळी शेवंताबाई स्टेशनवर आल्या आणि पावतीचा चिटोरा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "बाबू, पोरीचा कागद आज भेटते म्हनते. तुमच्याशिवाय कोनाले सांगू?"

दवाखान्याच्या कचेरीतून कागद मिळाला. गोंदियाच्या फलाटावर बाकावर बसून मी पिन काढली आणि वाचला. माया वाहक होती. मला वाईट वाटलं, पण फार नाही. मुलगा साफ निघाला तर काहीच अडचण नव्हती. आईला कसं सांगायचं ते मनाशी जुळवत मी डब्यात शिरलो. गाडीला त्या दिवशी गर्दी होती. सुटायच्या बेतात असताना एक साठीचा माणूस एक पाय ओढत चढला. पांढरा सदरा, काखेत रेक्झिनची पिशवी. कोणी सरकेना. कापगते मास्तर म्हणाले, "चौघांच्या बाकावर सहा हाओत भाऊ, सातवा कुठं ठेवाव?" मी उठून त्याला खिडकीची जागा दिली आणि स्वतः कडेला टेकलो. डबी उघडली, वड्या त्याच्यापुढे धरल्या. तो संकोचला, मग एक घेतली. सकाळपासून काही खाल्लेलं नसावं, कारण दुसरी त्यानं न विचारता घेतली.

"कुठवर?" मी विचारलं.

"अर्जुनीच्या अलीकडं. भाच्याचं काम होतं गोंदियात." त्यानं बोटं सदऱ्याला पुसली. मग पिशवीतून एक पाकीट काढलं, अगदी माझ्या थैलीत होतं तसलंच. "तुमी शिकलेले दिसता बाबू. मले हे इंग्रजी येत नाई. दवाखान्याच्या कचेरीतल्या पोरानं हाती देल्लं अन् दुसऱ्याले बोलावलं. वाचून सांगता का?"

"सांगतील ना," कापगते म्हणाले. "पटलेबाबूचा दवाखाना याच डब्यात भरते." डबा हसला. मी पाकीट उघडलं.

भाचाही वाहक होता. मी ते हळूच सांगितलं, आवाज खाली ठेवून. त्याचा चेहरा उतरला. "म्हंजे रोग हाये त्याले?" मी म्हटलं, रोग नाही, तो धडधाकट आहे, तसाच राहील. पण त्याला ते ऐकूच जात नव्हतं. "बाप नाई हो त्याले. बहिणीनं पोरगं माझ्या वटीत टाकलं अन् गेली. आता मी घरी जाऊन का सांगू? लोक म्हनतीन, मामानं कसं पोरगं वाढवलं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मोठा माणूस परक्यासमोर रडतो आहे हे मला पाहवेना. काहीतरी करून त्याला धीर द्यायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी थैलीत हात घातला आणि दुसरा कागद काढून त्याच्या कागदाशेजारी मांडीवर ठेवला.

"हे पाहा भाऊ. ही आमच्या गावची पोरगी. शिकलेली आहे, रोज चार मैल सायकल मारते. हिचाही अगदी असाच आला आहे. हे अक्षर पाहा, आणि तुमचं हे पाहा. आता हिच्या आईलाही मी हेच सांगणार, घाबरायचं काम नाही."

त्यानं दोन्ही कागद पाहिले. "कोनाची पोरगी म्हनलं?"

"शेवंताबाई मेश्रामांची. माया."

"असं का," तो म्हणाला. सदऱ्याच्या बाहीनं त्यानं डोळे पुसले. आपला कागद घडी घालून खिशात ठेवला, पाकिटात नाही. मग सौंदड येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला. मला वाटलं, सावरला. मायाची सोयरीक अर्जुनीकडची आहे हे मी ऐकलेलं होतं. तरी बोलण्याच्या भरात मला ते आठवलं नाही. एक प्रश्न विचारायला हवा होता, भाच्याचं लग्न कुठे ठरलंय, एवढा एक. मी उतरायला लागलो तेव्हा त्यानं माझी थैली उचलून दारापर्यंत आणून दिली आणि म्हणाला, "लय मोठं काम केलं बाबू तुमी आज."

फलाटावर शेवंताबाई आणि माया दोघी उभ्या होत्या. मी समजावलं. वाहक म्हणजे काय, आजारी म्हणजे काय. शेवंताबाईंना सगळं कळलं असं वाटलं नाही, पण मायाला कळलं. ती म्हणाली, "म्हंजे आता त्यांचा काय येते त्याच्यावर हाये, ना काका? त्यांचाही आजच भेटनार होता. त्यांचे मामा आनाले जानार होते."

गाडी हलली होती. मी वळून पाहिलं. खिडकीतून तो माणूस आमच्या तिघांकडे पाहत होता. डबा पुढे सरकत गेला तरी त्यानं मान वळवली नाही, आणि मीही नाही. मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. पुढे कोणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो की नंतर कळलं. नंतर नाही, तेव्हाच. शेवंताबाई विचारत होत्या, "बाबू, का झालं?" आणि मी म्हटलं, "काही नाही. त्यांचा कागद आला की दोघांनी मिळून डॉक्टरीणबाईंकडे जा."

चार दिवसांनी अर्जुनीकडून निरोप आला. पोरीच्या रक्तात खोट आहे, सोयरीक मोडली. आमचा पोरगा साफ निघाला, असंही त्यांनी सांगून पाठवलं. सोयरिकीत दिलेल्या वस्तू परत आल्या. हे लग्न झालं नाही याचं मला दुःख आहे असं मी म्हणत नाही. दोघेही वाहक होते, डॉक्टरांनीही विचार करायलाच सांगितलं असतं. पण मग दोन्ही घरांनी समोरासमोर बसून, दोन्ही कागद मधे ठेवून ठरवलं असतं. इथे एक कागद खिशात राहिला आणि एकाची दवंडी पिटली गेली. त्या हंगामातच त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं. त्या दुसऱ्या मुलीचं रक्त कोणी तपासलं का, तिला कोणी काही सांगितलं का, मला माहीत नाही. तिचं नावही माहीत नाही. तिच्याबद्दलही मी गप्पच राहिलो.

गावात मायाच्या नावाआधी रोगाचं नाव घेतलं जाऊ लागलं. हातपंपावर एका बाईनं आपली घागर बाजूला घेतली. बालवाडीतल्या एका पोराच्या बापानं विचारलं, हा आजार खोकल्यातून लागते का. दुसरं एक स्थळ आलं आणि वेशीवरूनच परत फिरलं. शेवंताबाई माझ्याकडे आल्या त्या दिवशी मी अंगणात दाढी करत होतो. त्या ओट्यावर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"बाबू, कागद तं तुमच्याच जवर होता. त्याहिले कसं समजलं?"

माझ्या अर्ध्या चेहऱ्यावर साबण होता. मी आरशाकडे पाहत म्हटलं, "दवाखान्याच्या कचेरीतूनच फुटलं असेल बाई. तिथं चार हातांतून जातात कागद."

त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. त्या तशाच नर्सबाईंकडे गेल्या. पुढच्या वेळी नर्सबाई मोहल्ल्यात आल्या तेव्हा बायकांनी त्यांना घेरलं आणि तोंडाला येईल ते बोलल्या. "आमच्या पोरीचं रक्त नेता अन् गावोगाव वाचून दाखवता का?" ती बाई बिचारी रडत सायकल ढकलत गेली. त्यानंतर आमच्या गावात तपासणीला कोणी हात पुढे करेना, कितीतरी दिवस.

मग एका रविवारी दुपारी माया आली. सुलोचना ओसरीत सुपात तांदूळ पाखडत होती. माया खाली फरशीवर बसली, सुलोचनानं दिलेला पाट तिनं बाजूला सरकवला. बारीक झाली होती.

"काका, एक काम होतं."

"सांग ना."

"तुमची त्या दवाखान्याच्या कचेरीत ओळख हाये. मुलाचा कागद काय आला, तेवढं विचारून सांगसान?"

"आता कायले, माया? मोडलं ते मोडलं."

"लग्न नाई पाहिजे मले." ती जमिनीकडे पाहत बोलत होती. "आई दोन महिने झाले, भाकर मोडून तशीच ठेवून देते. म्हनते, माझ्या कुशीतच खोट होती. माझ्याच पापाचं तुले आलं. मी किती समजावून राहिली, ऐकतच नाई. मुलाचा कागद माझ्यासारखाच निंघाला असंल तं तिले दाखवाव म्हनलं. दोघाहिचं सारखं हाये, तुह्या एकटीचं नाई. तेवढ्यानं जेवंल ते."

सुपाचा आवाज थांबला होता. माझ्या डोळ्यांसमोर ते दोन्ही कागद होते, मांडीवर शेजारी शेजारी ठेवलेले. एका वाक्याचं काम होतं. शेवंताबाईंच्या ताटापर्यंत पोचलं असतं असं एक वाक्य. आणि मी, जो गावभराची लोणची आणि औषधं आणि चष्मे पोचवायचा, तो म्हणालो, "दुसऱ्याचा कागद असा मागता येत नाही, माया. बरं नाही ते."

तिनं सरकवलेला पाट भिंतीशी उभा केला. मग उठली. "माझा तं साऱ्याहिनं वाचला, काका," ती म्हणाली. रागानं नाही. नुसतं सांगितल्यासारखं. आणि गेली.

सुलोचनानं सूप खाली ठेवलं. "तुमाले माहीत हाये," ती म्हणाली.

"काय?"

"तो मानूस. पाय ओढत आलेला, वड्या खाल्लेला. तुमीच सांगत होते त्या दिवशी, किती चांगला मानूस भेटला म्हनून. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव नाई काढलं तुमी." ती म्हणाली, "आता जा. अजून ते फाटकाजवरच असंल."

मी चपला घातल्या. रेल्वे फाटकापर्यंत गेलो सुद्धा. माया पलीकडे सायकल हातात धरून चालत जात होती, पन्नास पावलांवर. हाक ऐकू गेली असती. मी उभा राहिलो आणि मनाशी कारणं रचू लागलो. मामा सरळ नाही म्हणेल, मग खोटा मी पडेन. आमच्या कचेरीत कळलं तर लोकांचे कागद फोडतो म्हणून माझी नोकरी जाईल. आणि सगळ्यांत मोठं कारण, जे मी तेव्हा अगदी शहाणपणाचं समजलो: त्यांच्या समाजातली सोयरीक आहे, मी पोवार, मी मधे कायले पडू? रिपोर्ट आणताना, वाचताना, दाखवताना मला माझा समाज आठवला नव्हता. खरं बोलायची पाळी आली तेव्हा तो बरोबर आडवा आला. फाटक पडलं, मालगाडी आली, तिचे डबे बराच वेळ जात राहिले. फाटक उघडलं तेव्हा रस्ता रिकामा होता आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं मी विसरू शकलो नाही.

त्यानंतर मी लोकांची कामं आणखीच करू लागलो. कोणी न सांगता करू लागलो. परक्या म्हाताऱ्यांना हात धरून रस्ता ओलांडून द्यायचो, फलाटावर तहानलेल्यांना बाटली भरून आणून द्यायचो, दवाखान्यात अनोळखी माणसांच्या उशाशी बसायचो. कागद मात्र वाचत नसे. डोळे बिघडलेत असं सांगायचो. गावात लोक मला देवमाणूस म्हणू लागले. मुलाच्या लग्नात एकानं भर मांडवात तसं म्हटलं, आणि सुलोचना उठून आत गेली. ती मला त्यावरून पुन्हा कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मायानं बालवाडी सोडली. गोंदियाच्या एका खाजगी दवाखान्यात रोग्यांची देखभाल करायला लागली आणि शहराला लागून असलेल्या मुर्रीला खोली घेऊन राहू लागली. मी निवृत्त झालो त्या वर्षी एका सकाळी ठरवून निघालो. आता नोकरीची भीती नव्हती. शेवंताबाई थकल्या होत्या, पण होत्या. मुर्रीपर्यंत रिक्षा केली नाही, चालत गेलो, कारण बोलायचं ते पाठ करायचं होतं. रस्ताभर पुटपुटत होतो. एक सायकलवाला मागून ओरडला, "अरे चाचा, साइड में चलो, किससे बात कर रहे हो?"

खोली सापडली. मायानं दार उघडलं. रात्रपाळी करून आली असावी, डोळे लाल होते. मला पाहून आधी घाबरली. "काका! आई बरी हाये ना?"

"बरी आहे, बरी आहे."

"मंग आईनं काही पाठवलं का?"

मी रिकाम्या हातांकडे पाहिलं. तिनं मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, झोपायचं सोडून चहा ठेवला. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली स्टीलच्या डब्यांची ओळ, दोरीवर दवाखान्याचा निळा झगा. लग्न केलं नव्हतं. चहा देताना ती म्हणाली, "काका, तेव्हा साऱ्याहिनं आमच्या घराकडं पाठ केली, पन तुमी आईचं काम कधी टाकलं नाई. आई अजून म्हनते, पटलेबाबू होते म्हनून मी उभी राहिली."

मी तो चहा प्यालो. काय बोललो ते आठवतं: "इकडून जात होतो, म्हटलं पाहून जावं." ती म्हणाली, "आईले सांगजा, मी बरी हावो. सुटी भेटली की येतो." मी ते सांगितलं, त्याच संध्याकाळी. शेवंताबाई अंगणात खाटेवर बसल्या होत्या. खूश झाल्या.

त्या हिवाळ्यात त्या गेल्या. मी मातीला गेलो. माया बायकांच्या गराड्यात होती, मी पुरुषांच्या घोळक्यात कडेला उभा होतो. नंतर दोनदा मुर्रीला गेलो. पहिल्यांदा दाराला कुलूप होतं. दुसऱ्यांदा खोलीत दुसरंच कुटुंब होतं. दवाखान्यात विचारलं तर म्हणाले, रायपूरकडे कुठेतरी गेली, पत्ता नाही. मी आता सत्तरी ओलांडली आहे आणि गुडघे फलाटाच्या पायऱ्या चढू देत नाहीत.

मुर्रीच्या रस्त्यावर जे पाठ करत गेलो होतो, ते अजून शब्दाशब्दानं लक्षात आहे. ते असं होतं:

माया, त्या मुलाचा कागद तुझ्यासारखाच होता. मी तो माझ्या हातानं उघडून वाचला होता, आणि तुझा कागद त्याच्या मामाला दाखवला तोही मीच. नर्सबाईंचा काही दोष नव्हता. तू विचारायला आलीस तेव्हा मला सगळं माहीत होतं आणि मी तुला खोटं बोलून परत पाठवलं. मला माफ कर. माफ करायचं नसेल तर नको करू, पण आज संध्याकाळच्या जेवणाआधी आईला एवढं कळव.